महाविद्यालयातील उद्योजकता कक्ष विद्यार्थ्यांनीच चालवायचा, तर सुरुवात कशाने करावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्याकडे उद्योजकता कक्ष तीन वर्षांपासून आहे. या काळात त्याने नेमके काय केले, हे समजून घेण्यासाठी मी जुनी फाइल उघडली, तेव्हा तिच्यात पाहुण्यांच्या व्याख्यानांचे अहवाल, कल्पना-स्पर्धेतील विजेत्यांची नावे आणि छायाचित्रे एवढेच सापडले. तिन्ही वर्षी पहिल्या आलेल्या गटांतील विद्यार्थ्यांशी मी बोललो. त्यांपैकी एकाही गटाने पुढे ती वस्तू तयार केलेली नाही आणि दोघांना तर आपली कल्पना काय होती, हेच बराच वेळ आठवावे लागले.

यंदा कक्षाची जबाबदारी आम्हा अकरा जणांकडे आली आहे. प्राचार्यांनी एक खोली दिली असून वर्षभरासाठी 25,000 रुपये मंजूर केले आहेत. आमच्यातील बहुतेक मुले-मुली तासगाव, पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतील शेतकरी घरांतली आहेत. द्राक्षाची छाटणी, बेदाण्याचे शेड, हळद शिजवणे, ऊसतोड ही कामे आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांतल्या अडचणीही जाणतो. तरीही स्पर्धेसाठी कल्पना मागितल्या की दहांतले आठ गट मोबाइल ॲपच मांडतात. आपल्या अंगणातली गोष्ट ‘कल्पना’ म्हणून सांगण्याजोगी आहे असे कोणाला वाटत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पैसे कशावर खर्च करावेत? आयआयटी मुंबईच्या ई-सेलकडून, म्हणजे तिथल्या उद्योजकता कक्षाकडून, घेतल्या जाणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरण्याची तयारी आम्ही करावी का? आणि पुढच्या वर्षी आम्ही प्लेसमेंटच्या गडबडीत अडकलो की हे काम पुन्हा फाइलीत जाऊ नये, यासाठी आतापासून काय करता येईल? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

माजी_सचिव

तुमची फाइल आणि आमची फाइल यांत काहीच फरक नसावा. मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन वर्षे उद्योजकता कक्षाचा सचिव होतो. पहिल्या वर्षी आम्ही नऊ कार्यक्रम घेतले, सभागृह प्रत्येक वेळी भरले, आणि वर्षाच्या शेवटी आमच्या एका मैत्रिणीने बैठकीत सरळ विचारले की आपल्या कक्षामुळे यंदा किती विद्यार्थ्यांनी एखाद्या अनोळखी माणसाला काही विकून पैसे घेतले? त्या प्रश्नाचे उत्तर शून्य होते. दुसऱ्या वर्षीचे आमचे सगळे काम त्या एका प्रश्नावर उभे राहिले, म्हणून तुम्हालाही मी तोच प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायला सांगेन.

आम्ही काय केले ते सांगतो. व्याख्याने वर्षाला दोनवर आणली आणि वाचलेले पैसे बीजभांडवल म्हणून वाटले. तीन ते पाच जणांच्या प्रत्येक गटाला 1,500 रुपये दिले आणि मुदत 21 दिवसांची ठेवली. ही रक्कम बक्षीस नसून परत करायची आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. वर्गमित्र, वसतिगृहातील खोलीचे सोबती आणि नातेवाईक यांना केलेली विक्री मोजायची नाही, हा नियम सर्वांत जाचक वाटला आणि तोच सर्वांत उपयोगी ठरला. प्रत्येक गटाने एक साधी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, ठेवायची आणि दर शनिवारी ती खोलीत आणून इतर गटांसमोर वाचायची. त्या वाचनाच्या वेळी जे शिकायला मिळाले, ते कोणत्याही व्याख्यानात मिळाले नव्हते.

एका गटाचे उदाहरण देतो. चार मुलींनी मोड आलेली मटकी आणि मूग यांची पाकिटे करून जवळच्या दोन व्यायामशाळांच्या दारात सकाळी विकायला सुरुवात केली. भिजवून मोड आणल्यावर मटकीचे वजन दुपटीहून अधिक होते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्यांना नफा फार मोठा वाटला आणि त्यांनी भाव कमी ठेवला. दुसऱ्या आठवड्यात ऊन वाढले, फ्रीज नव्हता, न विकलेली पाकिटे दुपारपर्यंत आंबली. शनिवारी रोजकीर्द वाचताना वाणिज्य शाखेतून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले की फेकलेल्या पाकिटांची किंमत, रिक्षाचे भाडे आणि पहाटे पाचला उठून केलेली तुमची मजुरी या हिशेबात कोठे आहे? ते सगळे धरल्यावर प्रत्येक पाकिटामागे तोटा निघाला. त्यांनी आदल्या संध्याकाळी मागणी नोंदवून घेऊन तेवढीच पाकिटे करण्याची पद्धत सुरू केली, भाव वाढवला, आणि मुदत संपताना 1,500 रुपये परत करून थोडी रक्कम हातात राखली. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हेही त्यांना याच निमित्ताने समजले. आमच्या वेळी वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरत असे आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. हा अर्ज त्यांनी स्वतः भरला, आणि सरकारी नोंदणी म्हणजे काहीतरी अवघड आणि मोठ्या माणसांनी करायची गोष्ट आहे, ही त्यांची भीती तिथेच गेली.

सगळ्यांचे असेच झाले नाही. दोन गटांचे पैसे पूर्ण बुडाले आणि काहींनी निम्मेच परत केले. त्यांना आम्ही नावे ठेवली नाहीत. मात्र पैसे कोठे गेले ते त्यांनी सर्वांसमोर उभे राहून सांगितले पाहिजे, हा आग्रह सोडला नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, म्हणजे काम पुढे टिकण्याचा. कक्ष मोडतात ते जून महिन्यात. जुने विद्यार्थी बाहेर पडलेले असतात, नव्यांना कोणाला फोन करायचा तेही माहीत नसते, आणि पाहुण्याला बोलावणे हे सर्वांत सोपे काम असल्यामुळे तेच पुन्हा सुरू होते. म्हणून सूत्रे जूनमध्ये न देता जानेवारीत द्या. जानेवारी ते एप्रिल नवा सचिव काम करील आणि जुना त्याच्या शेजारी बसेल. आम्ही खोलीत एक जाड नोंदवही ठेवली होती. कोणत्या दुकानदाराने माल उधार दिला, कोणत्या कार्यालयात कोणता कागद मागितला, कोणते पाऊल चुकले, हे सर्व तिच्यात तारखेसह लिहिलेले असे. मोबाइलवरील गट बंद पडतात, नोंदवही राहते. माझ्यानंतरच्या तिसऱ्या तुकडीने मला फोन करून त्या वहीतील एका नोंदीबद्दल विचारले, तेव्हा झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

सहयोगी_प्राध्यापक

वरील प्रतिसाद मला मनापासून पटला, तरी स्पर्धांबद्दल थोडे वेगळे मत नोंदवतो, आणि कार्यालयीन बाजूचे काही मुद्दे सांगतो, कारण विद्यार्थ्यांचे उत्साही प्रयत्न मी बहुतेक वेळा तिथेच थांबलेले पाहिले आहेत.

आयआयटी मुंबईची ई-सेल 1998 साली सुरू झाली आणि ती आजही विद्यार्थीच चालवतात. त्यांची ‘युरेका’ ही व्यवसाय-आराखड्याची स्पर्धा देशभर माहीत आहे. तिथून बाहेर पडलेल्या तरुणांनी 2007 मध्ये सुरू केलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन बनवणारी कंपनी 2023 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. हे पाहून अनेक महाविद्यालयांना वाटते की स्पर्धा घेतल्या की कंपन्या उभ्या राहतात. प्रत्यक्षात त्या परिसरात प्रयोगशाळा आहेत, 2004 पासून नव्या उद्योगांना उभे राहायला मदत करणारे ‘साइन’ नावाचे उबवणी केंद्र आहे, मार्ग दाखवणारे माजी विद्यार्थी आहेत. स्पर्धा हा त्या सगळ्याचा दिसणारा भाग आहे. दिसणाऱ्या भागाची नक्कल केली आणि बाकीचे उभारले नाही, तर तुमच्या फाइलीत जे सापडले तेच हाती लागते.

तरीही स्पर्धा पूर्ण टाळू नका. आपला ग्राहक कोण, तो आज त्याच अडचणीवर किती पैसे खर्च करतो, आपल्याला माल किती रुपयांना पडतो, हे चार पानांत लिहून काढण्याची सक्ती स्पर्धेमुळे होते, आणि आमच्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना लिहिण्याची व परक्या माणसांसमोर मांडण्याची ही सवय फार कमी मिळते. क्रम मात्र बदला. ज्या गटाने 21 दिवस काही विकले आहे, त्यालाच स्पर्धेला पाठवा. त्याच्याकडे मांडायला काहीतरी असेल.

कार्यालयीन बाजू अशी आहे. शिक्षण मंत्रालयाने 2019 मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण प्रसिद्ध केले. स्वतःचा उद्योग उभारणाऱ्या विद्यार्थ्याला उपस्थिती कमी भरली तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसू द्यावे, वस्तूचा पहिला नमुना तयार करण्याच्या कामाला श्रेयांक (क्रेडिट) देता यावेत, अशी तरतूद त्यात आहे. संस्थेच्या सुविधा आणि बौद्धिक संपदा वापरली गेल्यास संस्थेने त्या उद्योगाच्या मालकीत 2 ते 9.5 टक्के हिस्सा घ्यावा, असेही ते सुचवते. परंतु हे मार्गदर्शक धोरण आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या नियामक मंडळाने ते ठरावाने स्वीकारले नसेल, तर एखाद्या विभागप्रमुखाकडे त्याचा हवाला देऊन उपयोग होत नाही. त्यामुळे या वर्षीचे तुमचे पहिले पत्र प्रायोजकांना न पाठवता प्राचार्यांना पाठवा आणि त्यात एवढेच विचारा की आपल्या संस्थेने हे धोरण स्वीकारले आहे का, आणि नसल्यास ते पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याल का. 2018 पासून अनेक महाविद्यालयांत मंत्रालयाच्या पुढाकाराने नवोपक्रम परिषदा स्थापन झाल्या आहेत. तुमच्याकडे ती असेल तर तिच्या समन्वयकांनाही या पत्राची प्रत द्या.

दुसरा मुद्दा पैशांचा. कक्षाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व नसते, त्यामुळे तुमचे 25,000 रुपये लेखा विभागातूनच खर्च होतील. प्रत्येक लहान खरेदीला तीन दरपत्रके मागितली गेली, तर 21 दिवसांचा उपक्रम दरपत्रके गोळा करण्यातच संपेल. एका प्राध्यापकाच्या नावे अग्रिम (आगाऊ) रक्कम काढून घ्या आणि मुदतीनंतर बिले जोडून तिचा हिशेब जुळवा, ही पद्धत बहुतेक संस्थांना चालते. त्या प्राध्यापकाने सही करावी, हिशेब तपासावा, पण कोणता गट काय विकणार यात पडू नये. हे मी माझ्याच चुकीवरून लिहितो आहे. एका वर्षी मी सात प्रस्तावांपैकी चार ‘हे चालणार नाही’ म्हणून परत पाठवले होते. त्यांपैकी एक, जुन्या पाठ्यपुस्तकांच्या भाडेतत्त्वाचा, मुलांनी माझ्या नकळत चालवला आणि तो चांगला चालला.

लेथ_आणि_मिलिंग

मी कुपवाड एमआयडीसीत एक लहान यंत्रशाळा चालवतो. माझ्याकडे दर वर्षी चार-पाच महाविद्यालयांची मुले येतात आणि प्रत्येक वेळी प्रायोजकत्वाचे पत्र देतात. गेल्या पंधरा वर्षांत एकाही मुलाने मला असे विचारलेले नाही की काका, तुमच्या शॉपमध्ये कोणत्या कामाचा सर्वांत जास्त त्रास होतो?

विचारले असते तर मी सांगितले असते. ड्रिलिंगनंतर छिद्राच्या कडेला राहणारी बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, काढायला माझा एक माणूस दिवसभर कानस घेऊन बसतो. कापताना थंडावा देणाऱ्या कुलंट द्रवात धातूच्या बारीक चिप्स साचून पंप बंद पडतो. ही कामे आमच्या रांगेतील प्रत्येक शेडमध्ये तशीच चालतात. एका मुलाने एखादे साधे जिग (काम नेमक्या जागी धरून ठेवणारे साधन) किंवा गाळणी करून दाखवली, तर मी त्याला पैसे देऊन ती घेईन आणि शेजारच्या दहा जणांकडे त्याला स्वतः घेऊन जाईन. तेव्हा तुमच्या अकरा जणांपैकी दोघांना दिवाळीच्या सुटीत पंधरा दिवस माझ्यासारख्याकडे उभे राहू द्या. बसायला खुर्ची मिळणार नाही, पण डोळ्यांना काम भरपूर मिळेल.

आणखी एक गोष्ट, जी व्याख्यानात कोणी सांगत नाही. लहान कारखाना बंद पडतो तो माल न खपल्याने कमी, आणि उधारी न आल्याने जास्त. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. तरीही एका मोठ्या गिऱ्हाइकाने माझे पैसे सात महिने अडकवले होते आणि पुढच्या ऑर्डरी जातील या भीतीने मी तक्रार केली नाही. त्या सात महिन्यांत कामगारांचे पगार मी सोने गहाण ठेवून दिले. मुलांना विक्री शिकवता आहात, तशी वसुलीही शिकवा. 21 दिवसांत एखादे गिऱ्हाईक मुद्दाम उधारीवर घ्यायला लावा आणि ते पैसे परत कसे मागायचे, हे त्यांना करू द्या.

कृष्णाकाठ, तुम्ही पलूसचा उल्लेख केला आहे. किर्लोस्करवाडी तुमच्याच तालुक्यांच्या मध्ये आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष लागते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. औंध संस्थानाने जागा दिल्यावर 1910 मध्ये वाडी उभी राहिली. नांगर कसा ओतला, यापेक्षा ती दोन वर्षे त्यांनी शेतकऱ्यांशी कसे बोलून काढली असतील, याचा विचार मुलांनी करावा असे मला वाटते. शेतकरी घरातली तुमची मुले हा संवाद माझ्यापेक्षा चांगला करू शकतील.

आठवडी_बाजार

मी सातारा जिल्ह्यातील एका कला-वाणिज्य महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली असे वाटल्यामुळे लिहिते. विद्यार्थ्यांनी स्वतः कमावून शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिचे ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’ आहे, आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 1947 पासून ‘कमवा आणि शिका’ योजनेतून हजारो मुले शेतात आणि वसतिगृहात राबून पदवीधर झाली. तिथे श्रमाची लाज मोडली जात असे. आज उद्योजकता कक्षात येणाऱ्या मुलांना कल्पना सुचते, भाषण करता येते, पण बाजारात पथारी टाकून बसायची लाज वाटते. ती आधी मोडली पाहिजे.

आमच्या गटाने महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात स्टॉल लावला नाही, थेट आठवडी बाजारात जागा घेतली. सकाळी सहाला जाऊन जागा धरायची, वसुली करणाऱ्या माणसाकडून बाजारपावती घ्यायची, शेजारच्या बाईला पाच मिनिटे मालाकडे लक्ष द्यायला सांगायचे, आणि संध्याकाळी भाव पाडून माल संपवायचा. आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या विकत होतो. पहिल्या बाजारी सहा पिशव्या गेल्या. शेजारच्या मिरचीवाल्या मावशींनी सांगितले की पिशवी घडी घालून ठेवू नका, तिच्यात दोन किलो कांदे भरून टांगा, म्हणजे ती वजन पेलते हे लोकांना दिसेल. पुढच्या बाजारी एकतीस गेल्या.

मुलींच्या बाबतीत घरची परवानगी हा खरा अडथळा असतो, तो वगळून योजना आखू नका. माझ्या आईचा विरोध पैशांना नव्हता, उशिरा घरी येण्याला होता. आम्ही बाजाराचे दिवस आणि परतीच्या एसटीच्या वेळा लिहून प्रत्येकीच्या घरी दिल्या, आणि महिन्याच्या शेवटी जमाखर्चाची वही आईसमोर ठेवली. तिने ती दोनदा वाचली आणि शिलाईचा दोरा ठोक घेतला तर किती वाचतील, एवढेच विचारले. त्यानंतर ती आमच्या गटात असल्यासारखीच बोलू लागली.

आणि अभियांत्रिकीच्या मित्रांनो, जवळच्या वाणिज्य महाविद्यालयातील दोन मुले-मुली कक्षात घ्या. रोजकीर्द तुमच्यापेक्षा त्यांना चांगली जमेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल आमची बैठक झाली आणि तिची सुरुवात मी ‘माजी_सचिव’ यांच्याच प्रश्नाने केली. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी असे ठरले की 25,000 पैकी 18,000 रुपये प्रत्येकी 1,500 याप्रमाणे बारा गटांना द्यायचे, 4,000 रुपये प्रवास आणि नोंदणीसाठी ठेवायचे, आणि उरलेल्या 3,000 रुपयांत वर्षभरात एकच व्याख्यान घ्यायचे. ‘लेथ_आणि_मिलिंग’ काकांकडे आमचे दोघे जण दिवाळीनंतरच्या सोमवारपासून येतील. तुम्हाला वेगळा संदेश पाठवला आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये प्रतवारी करणाऱ्या बायकांना तासन्‌तास खाली वाकून बसावे लागते. त्यांच्यासाठी उंची कमी-जास्त होणारे साधे टेबल करावे, असे पलूसच्या एका मुलीने सुचवले. तिची आई हेच काम करते. मोबाइल ॲपशिवायची ही आमच्या कक्षातील पहिली सूचना आहे.

एक शंका उरली आहे. एखाद्या गटाने पैसे परत केले नाहीत, तर लेखा विभाग ते आमच्याकडून वसूल करील का? पहिल्या वर्षाचे काही विद्यार्थी अजून अठरा वर्षांचे नाहीत, त्यांना घ्यावे का?

सहयोगी_प्राध्यापक

शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर वाटप करण्याआधीच कागदावर असले पाहिजे. प्राचार्यांच्या मंजुरीपत्रात असे एक वाक्य घालून घ्या की या रकमेचा काही भाग उपक्रमाच्या स्वरूपामुळे परत येणार नाही आणि तो शैक्षणिक खर्च म्हणून धरला जाईल. त्याची मर्यादा म्हणून एक तृतीयांश लिहा. म्हणजे 6,000 रुपयांपर्यंतचा तोटा कोणाच्याही खिशातून जाणार नाही. अठरा वर्षांखालील विद्यार्थी गटात जरूर असावेत, पण कायद्याने त्यांनी केलेला करार बंधनकारक ठरत नाही, म्हणून रकमेची पावती आणि बाहेरच्या कोणाशीही केलेला व्यवहार गटातील सज्ञान विद्यार्थ्याच्या सहीने करा. या टप्प्यावर कंपनी किंवा भागीदारी नोंदवण्याची घाई नको. टेबल खरोखर विकले जाऊ लागले आणि नोंदणी हवीशी वाटली, तर लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नका. आणि त्या टेबलाचे पहिले माप घ्यायला जाल, तेव्हा टेप घेऊन एका मुलीने त्या बायकांच्या शेजारी निदान एक पूर्ण पाळी बसावे.